उतरता धंदा सोडावा केव्हा?

पुण्याहून जुन्या रस्त्याने मुंबईकडे निघालेला प्रवासी देहूरोड मागे टाकून तळेगावच्या अलीकडे सोमाटणे फाट्यावर येतो. एका बाजूस चौराईचा डोंगर, जवळच पवनेचे पात्र आणि मधून वाहणारा हा रस्ता. मावळातील इतर गावांप्रमाणे सोमाटण्याचाही पहिला आधार शेती हाच होता. परंतु रस्त्याकाठच्या गावाला शेतीखेरीज दुसरेही एक पीक मिळत असते, ते म्हणजे वाटसरूंचे. या पिकाचा स्वभाव मोठा विचित्र आहे. ते न पेरता उगवते, आणि पाऊस चांगला पडूनही एखाद्या वर्षी उगवेनासे होते. गेल्या दोनशे वर्षांत मुंबई-पुण्याच्या वाटेवर असे चार वेळा घडले. प्रत्येक वेळी काही धंदे उभे राहिले, काही मावळले. आणि प्रत्येक वेळी त्या धंद्यांतील माणसांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. येथे थांबावे, की उठावे?

हा प्रश्न मावळापुरता नाही. शहरात ज्याचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे, ज्याचा छापखाना आहे, ज्याच्या वडिलांनी कापडाची पेढी घातली, त्या प्रत्येकाच्या घरी तो केव्हा ना केव्हा रात्रीच्या जेवणानंतर निघतो. तो निघाला की घरातील एक जण ‘धीर धरा’ म्हणतो, दुसरा ‘वेळीच निघा’ म्हणतो, आणि दोघांच्याही पदरी म्हणींचा साठा असतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे खरेच. आणि बुडत्याचा पाय खोलात जातो, हेही खरेच. म्हणींनी निकाल लागत नाही. तो कशाने लागतो, हे मावळातील एका जुन्या उदाहरणावरून चांगले उमगते.

१८३० सालापूर्वी बोरघाटातून गाडी जाण्याजोगी चांगली वाट नव्हती. माल जाई तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून, आणि त्या वाहतुकीत लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांचा मोठा भाग असे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी घाटाचा नवा रस्ता थाटाने खुला केला. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा गाडीतले ओझे स्वस्त पडते. तेव्हा तांडे मागे पडले आणि गाडीवान पुढे आला. पुण्याचा माल पनवेलपर्यंत गाडीने आणि तेथून गलबताने मुंबईस, हा क्रम बसला. पुढे पाव शतकानंतर आगगाडी आली. पण ती एकदम आली नाही. मुंबईकडून रूळ १८५६ साली घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस पोहोचले. पुण्याकडून ते १४ जून १८५८ रोजी घाटमाथ्यावर खंडाळ्यास पोहोचले. मधला घाट मात्र कातळ फोडून, बोगदे खणून तयार व्हावयाचा होता, आणि त्यास १८६३ साल उजाडले. म्हणजे सुमारे पाच वर्षे आगगाडी दोन्ही बाजूंनी माणसे व माल आणून घाटापाशी उतरवीत होती, आणि मधला टप्पा पार करण्यास पालखी, तट्टू व बैलगाडी यांखेरीज उपाय नव्हता.

त्या पाच वर्षांत घाटात गाडी हाकणाऱ्याची स्थिती कशी असेल, याची कल्पना सहज करता येते. ज्या आगगाडीने त्याचा धंदा बुडवावयाचा, तीच तूर्त त्याच्या दारी गिऱ्हाईक आणून सोडीत होती. सकाळ-संध्याकाळ काम, भाड्यास घासाघीस नाही, बैल उभा म्हणून नाही. १८६२ साली त्याने आपली मिळकत मोजली असती, तर घाटातील गाडीइतका चांगला धंदा दुसरा नाही, असेच उत्तर त्यास मिळाले असते. पण त्याच वेळी डोंगरात सुरुंगांचे आवाज होत होते, आणि प्रत्येक आवाजाबरोबर त्याच्या धंद्याचा एकेक दिवस कमी होत होता. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली, आणि मधल्या टप्प्याची ती गरजच नाहीशी झाली.

यातून पहिला बोध निघतो तो असा की, धंद्याची मिळकत आणि धंद्याचे आयुष्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मिळकत आजचे सांगते. आयुष्य कळावयाचे तर ती मिळकत कशामुळे होते, ते कारण पाहावे लागते. घाटातील गाडीवानाची कमाई रुळांमधील तुटीमुळे होती. तूट बुजली की कमाई जाणार, हे जमाखर्चाच्या वहीत कोठेही लिहिलेले नव्हते. ते डोंगराकडे पाहून कळत होते.

परंतु प्रत्येक धंद्याच्या डोंगरात असे सुरुंग ऐकू येत नाहीत. बहुधा विक्री हळूहळू घटते, आणि ती घट मंदीची की ओहोटीची हे ओळखणे कठीण जाते. मंदी म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशात तूर्त पैसा नसणे. ओहोटी म्हणजे गिऱ्हाइकास ती वस्तूच नको होणे. मंदीत धीर धरणारा शहाणा ठरतो, ओहोटीत तोच धीर त्यास बुडवितो. हा भेद पाहण्याची एक साधी रीत आहे. दुकानात येणाऱ्यांची वये पाहावी. जुनेच लोक येत आहेत, तेही थोडी थोडी खरेदी करीत आहेत आणि तरुण मनुष्य पायरी चढतच नाही, असे असेल तर ती बहुधा ओहोटी होय. दुसरे, शेजारच्या त्याच धंद्यातील मनुष्याकडे पाहावे. त्याचे चालते आणि आपले चालत नाही, तर दोष धंद्यात नसून चालविण्यात आहे, आणि तो सुधारता येतो. दोघांचेही चालत नसेल, तर दोष वाऱ्याचा आहे. तिसरे, सुटलेले गिऱ्हाईक कोठे गेले याचा शोध घ्यावा. ते समोरच्या दुकानात गेले असेल तर परत आणता येईल. ते निराळ्याच वस्तूकडे गेले असेल तर भाव उतरवूनही येणार नाही.

कंदिलाचे उदाहरण या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस ओगले बंधूंनी १९१६ साली काचकारखाना काढला, आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत टांगला गेला. विलायती कंदिलाशी टक्कर देऊन या देशी कंदिलाने आपली जागा मिळविली, ही गोष्ट अभिमानाचीच. पण पुढे गावोगाव वीज गेली, तेव्हा कंदिलाचे गिऱ्हाईक दुसऱ्या कंदिलाकडे गेले नाही. ते भिंतीवरील बटणाकडे गेले. कंदील कितीही उत्तम केला तरी त्या बटणाशी त्याची स्पर्धाच होऊ शकत नव्हती. उत्तम माल हा ओहोटीवरील उपाय नव्हे, हे सत्य चांगल्या कारागिरास फार कडू लागते; आणि म्हणूनच उतरत्या धंद्यात चांगले कारागीर पुष्कळदा सर्वांत शेवटी उरतात.

आता हिशेबाची गोष्ट. उतरता धंदा चालविणारा मनुष्य सामान्यतः म्हणतो, ‘फारसे नाही, पण सुटतात अजून चार पैसे.’ हे चार पैसे खरोखर सुटतात काय, ते पाहिले पाहिजे. उदाहरणादाखल समजावे की, सोमाटणे फाट्यावर एकाचे चहा-फराळाचे हॉटेल आहे. जागा स्वतःची, कामास नवरा-बायको दोघे, हाताखाली दोन पोरे. माल, पगार, वीज व इतर खर्च वजा जाता महिन्यास चाळीस हजार रुपये उरतात. घरात हा आकडा नफा म्हणून बोलला जातो. पण तीच जागा दुसऱ्यास भाड्याने दिली तर पंचवीस हजार येतील. त्या दोघांनी अन्यत्र तेवढेच कष्ट केले तर मिळून तीस हजार मिळतील. भांडी, फर्निचर व माल यांत गुंतलेले पाच लाख वर्षास आठ टक्क्यांनी ठेवले तर महिन्यास तेहतीसशे होतात. ही बेरीज अठ्ठावन्न हजार तीनशे झाली. म्हणजे ज्यास घर नफा म्हणते, तो वस्तुतः महिन्यास अठरा हजार तीनशे रुपयांचा तोटा आहे. आणि तो वहीत दिसत नाही, कारण तो रोख द्यावा लागत नसून स्वतःच्या जागेतून, स्वतःच्या हाडांतून व स्वतःच्या मुदलातून भरला जातो. पुष्कळ जुनी दुकाने अशी आपल्या मालकास खाऊन जगत असतात.

या हिशेबात एक रक्कम मात्र मुद्दाम धरावयाची नाही, आणि नेमकी तीच मनुष्याच्या मनातून जात नाही. ती म्हणजे आजवर घातलेला पैसा. ‘वडिलांनी यात हयात घालविली, गेल्याच वर्षी दोन लाखांची दुरुस्ती केली, आता कसे सोडावे?’ असा विचार स्वाभाविक आहे. पण गेलेला पैसा थांबल्याने परत येत नाही आणि उठल्यानेही परत येत नाही. जो दोन्ही वाटांवर सारखाच गेलेला आहे, त्याने वाट निवडण्यास मदत होत नाही. पाहावयाचे ते एवढेच की, यापुढे घालावयाचा रुपया येथे अधिक फळेल की दुसरीकडे. वडिलांच्या कष्टांचा मान राखावयाचा तर त्यांनी मिळविलेली पुंजी बुडू न देणे, हा तो राखण्याचा एक मार्ग नव्हे काय?

येथपर्यंत आले की दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कारण घाईने उठणारेही थोडे बुडत नाहीत. उतरता धंदा म्हणजे संपलेला धंदा नव्हे. मोठ्या रस्त्यांवरून बैलगाडी गेली, तरी पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या दारात गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या बैलगाड्या त्यानंतर कितीतरी पिढ्या दिसत राहिल्या. घाटातील गाडीवानासही वाट अगदीच बंद झाली नव्हती. आगगाडी स्टेशनापर्यंत येते. शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत येत नाही. तळेगावास स्टेशन झाले, तेव्हा चाकणकडचा माल त्या स्टेशनावर आणण्यास गाड्या लागतच होत्या. ज्याने ‘आपला धंदा घाट चढविण्याचा’ असे मानले, त्याचा धंदा १८६३ साली संपला. ज्याने ‘आपला धंदा माल पोहोचविण्याचा’ असे मानले, त्यास फक्त बैलांची तोंडे दुसरीकडे वळवावी लागली.

म्हणून धंदा सोडण्यापूर्वी त्याचे दोन भाग वेगळे करावे : एक वस्तू व दुसरे कसब. वस्तू मरते, कसब बहुधा जगते. सोमाटण्याच्या शेजारीच याचा दाखला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा मागून जो पैसा फंड उभारला, आणि ज्यास लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले, त्यातून १९०८ साली तळेगावास काचकारखाना निघाला. परदेशांत काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे चालक झाले. या कारखान्याचा मोठेपणा केवळ त्याच्या बाटल्या-चिमण्यांत नव्हता. येथे शिकलेले कारागीर देशभर गेले आणि ठिकठिकाणच्या काचकारखान्यांचे आधार झाले. खुद्द वार्ष्णेय यांनीही पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे काचकारखाना उभारला. ज्याच्या हातात कसब आहे, त्यास गाव सोडता येते आणि भट्टीही सोडता येते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात हीच गोष्ट आणखी एका अंगाने दिसते. १८८८ साली त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले. कायमचे सायकलवालेच राहावे, असे काही त्यांनी ठरविले नाही. यंत्र समजणे हे त्यांचे कसब. तेव्हा सायकलीवरून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि त्यावरून लोखंडी नांगराकडे गेले. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज असल्याने पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. या हकिकतीत नांगराच्या यशाकडे सर्वांचे लक्ष जाते. पण धंदेवाल्याने पाहावयाची ती मधली दोन वर्षे होत. नवा धंदा चांगला असूनही दोन वर्षे काही देत नाही, तेव्हा ती दोन वर्षे मनुष्याने खावे काय?

मूळ प्रश्नाचे उत्तर या दोन वर्षांत आहे. धंदा सोडण्याची वेळ तो बुडाल्यावर येत नसते. तोवर ती निघून गेलेली असते. नव्या कामास मूळ धरावयास जितका काळ लागेल, तितका काळ घर चालविण्याची शक्ती जुन्या धंद्यात किंवा त्याच्या पुंजीत शिल्लक आहे, तोवरच निघण्याची वेळ असते. फाट्यावरील हॉटेलवाल्यास नवे काम बसविण्यास दीड वर्ष लागणार असेल, तर त्याने आपल्याजवळ घरखर्चाचे किती महिने आहेत ते मोजावे. चोवीस महिने असतील तर विचारास सहा महिने अवकाश आहे. अठरा असतील तर आजच पाऊल उचलावे. बारा असतील तर उशीर झाला आहे. मग स्वतःचे नवे काम काढण्याऐवजी घरातील एकाने तरी आधी नोकरी धरलेली बरी. हा हिशेब निष्ठुर वाटतो खरा, पण तो वेळीच केला तर घर वाचते.

हा हिशेब करण्याचा दिवसही आधीच नेमून ठेवावा. धंदा उतरू लागला की मनुष्य प्रत्येक चांगल्या आठवड्यास आशा मानतो आणि प्रत्येक वाईट आठवड्यास अपवाद मानतो. म्हणून मन शांत असताना, घरच्यांच्या समक्ष, मर्यादा ठरवून कागदावर लिहावी. ‘सलग दोन दिवाळ्यांना, जागेचे भाडे व आपली मजुरी धरून, हिशेबात तोटा निघाला तर उठावयाचे, दुकानासाठी घर किंवा दागिना गहाण टाकावयाचा नाही,’ अशा स्वरूपाची ती असावी. पाडव्यास वह्या पूजण्याची आपली चाल आहेच. पूजेबरोबर त्या एकदा वाचल्याही जाव्या.

निघावयाचे ठरल्यावर निघावे कसे, याचाही विचार हवा; कारण धंदा सोडणे ही एक घटना नसून ते काही महिन्यांचे, प्रसंगी वर्षांचे काम असते. तळेगावच्या मोटार कारखान्याचा अलीकडचा इतिहास यास साक्षी आहे. जनरल मोटर्स कंपनीचा हा कारखाना २००८ साली सुरू झाला. २०१७ साली कंपनीने भारतात मोटारी विकण्याचे थांबविले, परंतु परदेशी पाठविण्याच्या मोटारी तेथे होत राहिल्या. त्याही डिसेंबर २०२० मध्ये बंद झाल्या. एका चिनी कंपनीस कारखाना विकण्याचा बेत २०२० साली जाहीर झाला, पण तो २०२२ मध्ये बारगळला. अखेरीस २०२३ साली ह्युंदाई कंपनीशी करार झाला. जगातील अग्रगण्य कंपन्यांपैकी एकीस एक कारखाना सोडण्यास विक्री थांबविल्यापासून सहा वर्षे लागली. आणि मधल्या काळात तेथील कामगारांना आपल्या हक्कांसाठी दीर्घकाळ झगडावे लागले. मालकाच्या ‘केव्हा’ या प्रश्नामागे कामगाराचा ‘मग आमचे काय’ हा प्रश्न नेहमी उभा असतो. लहान दुकानासही हे लागू आहे. हाताखालच्या दोन पोरांना चार महिने आधी सांगितले तर ती दुसरीकडे चिकटतात; कुलूप लावल्याच्या दिवशी सांगितले तर ती रस्त्यावर येतात. तेव्हा नवी उधारी घेणे प्रथम थांबवावे, मग माल कमी करीत न्यावा, नोकरांना पूर्वसूचना द्यावी, देणी फेडावी, आणि भांडीकुंडी मोडीत काढण्यापूर्वी चालते दुकान घेणारा कोणी मिळतो का ते पाहावे. चालत्या दुकानास गिऱ्हाइकांचीही किंमत मिळते. बंद दुकानास फक्त लोखंडाची.

सोमाटण्याच्या रस्त्यावर चौथा बदल घडला तो द्रुतगती मार्गाचा. २००२ साली तो पुरा झाला, आणि मुंबई-पुण्यामधील सरळ जाणाऱ्या वाहनांस जुन्या रस्त्याखेरीज दुसरी, वेगाची वाट मिळाली. जो केवळ लांबच्या वाटसरूवर विसंबला होता, त्याच्या दारावरून गर्दीचा एक भाग वेगळा झाला. पण त्याच काळात तळेगावची औद्योगिक वसाहत वाढली, आसपास राहती घरे उठली, आणि फाट्यावर थांबणारा मनुष्य बदलला. तो आता वाटसरू राहिला नाही, शेजारी झाला. वाटसरूस घटकाभर विसावा व गरम चहा हवा असतो. शेजाऱ्यास रोजचा डबा, किराणा, औषध, शिलाई हवी असते. रस्ता तोच, फाटाही तोच. त्यावरून येणाऱ्या माणसाची गरज तेवढी पालटली.

दुकानाच्या उंबऱ्यावर उभे राहून मनुष्य आत मालाकडे पाहतो, तेव्हा त्यास आपली हयात दिसते. बाहेर रस्त्याकडे पाहतो, तेव्हा त्यास गिऱ्हाईक दिसते. निर्णय करावयाचा तर दुसरीकडे पाहून करावा. १८६२ सालच्या गाडीवानास सुरुंग ऐकू येत होते. ते ऐकून ज्याने बैलांची नवी जोडी घेण्याचे तहकूब केले असेल, त्याच्या गाठीस पुढच्या वर्षी पैसा राहिला असेल, आणि ज्याने भरभराटीच्या भरात कर्ज काढून जोडी घेतली असेल, त्याच्याकडे बैल आणि कर्ज ही दोन्ही उरली असतील. दोघांचीही त्या वर्षीची कमाई मात्र सारखीच होती.